फिल्म फोटोग्राफीचा क्लास लावलाय? मग या चुका टाळा

माझा फिल्मचा क्लास संपून बरेच महिने झाले पण डार्करूम काही सुटली नाही, नवीन बॅच सुरू झाली की मी सरांना मदत करायला जाते, केमिकल बनवणं, टँक धुणं, कोणाचा रोल अडकला तर सोडवून देणं वगैरे. दर बॅचला माणसं नवी असतात आणि चुका मात्र त्याच त्याच. त्यातल्या निम्म्या मी स्वतः केल्यात म्हणून पोटतिडकीने लिहितेय, कारण फिल्ममध्ये चूक झालेली त्या क्षणी कळत नाही, आठवड्याने कळते, आणि तोवर समोरचा प्रसंग निघून गेलेला असतो.

रोल नीट अडकलाय का हे न बघणं

ही सगळ्यात मोठी. यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे.

क्लासमध्ये तिसऱ्या आठवड्यात आम्हाला काम दिलं होतं, एक माणूस आणि एक अख्खा रोल. मी आजोबांचे फोटो काढायचं ठरवलं. ते जुनी मनगटी घड्याळं उघडून साफ करायचे, डोळ्याला भिंग लावून, समोर पांढरा कागद पसरून, त्यावर तिळाएवढे स्क्रू ओळीने मांडून ठेवायचे. खिडकीतून एका बाजूने छान मऊ उजेड येत होता. मी सकाळभर त्यांच्याजवळ बसले होते, चिमट्यात धरलेलं चाक, भिंगातून मोठा दिसणारा डोळा, बोटावरचा तेलाचा डाग, एकेक फ्रेम विचार करून घेतली. काउंटर ३६ वर आला, फिल्म पुढे सरकवणारी लिव्हर अजून फिरत होती. ३७, ३८, मग ४०. मला वाटलं रोलमध्ये थोडी जास्त फिल्म असेल, असते कधी कधी एखाद-दोन फ्रेम. ४१ ला मात्र पोटात गोळा आला.

रोल धुतला, म्हणजे केमिकलमधून काढून डेव्हलप केला, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ काच. कडेला कंपनीचं नाव आणि १ ते ३६ आकडे ठळक छापलेले आणि मध्ये काहीच नाही. फिल्मचं टोक टेक-अप स्पूलमधून (फिल्म गुंडाळून घेणाऱ्या चक्रीतून) पहिल्याच झटक्याला निसटलं होतं आणि मी सकाळभर नुसतंच शटर दाबत बसले होते. काउंटर फिल्म मोजत नाही हो, तो लिव्हर किती वेळा फिरली तेवढंच मोजतो, आत रोल नसला तरी तो पुढे जातो. आजोबा दुसऱ्या दिवशी परत बसले माझ्यासाठी, पण ते घड्याळ पूर्ण होऊन मालकाकडे गेलं होतं, आणि "आता नुसतं बसून काय दाखवू" असं म्हणत त्यांनी रिकामे हात मांडीवर ठेवले. तो फोटो माझ्याकडे आहे. आधीचे ३६ नाहीत.

तेव्हापासून माझी सवय अशी. टोक स्पूलच्या खाचेत घालायचं, मागचं झाकण उघडं असतानाच लिव्हर एकदा फिरवायची आणि दोन्ही बाजूंची भोकं दातांवर बसलेली डोळ्यांनी बघायची. घाईच्या नादात लोक इथे एका बाजूची बघतात, दोन्ही बघा. झाकण बंद केलं की डाव्या हाताचा रिवाइंड नॉब (फिल्म परत डबीत गुंडाळायचा) बाणाच्या दिशेला हलकेच फिरवायचा, थोडा विरोध जाणवला की थांबायचं, म्हणजे आतली ढिलाई निघाली. आणि आता खरी परीक्षा, लिव्हर फिरवताना तो नॉब आपोआप उलटा फिरला पाहिजे. फिरला तर फिल्म चालतेय. नाही फिरला तर झाकण उघडा आणि परत भरा, त्यात दोन-तीन फ्रेम गेल्या तर गेल्या. मी हे पहिल्या फ्रेमला बघते, पाचव्याला बघते, आणि मनात शंका आली की पुन्हा बघते. बॅचमधली मुलं म्हणतात ताई किती वेळ लावता एका रोलला, तर हो, लावते.

याच्याच उलट बाजूची चूक म्हणजे रोल संपल्यावर लिव्हर अडली तरी जोर लावणं. अडली म्हणजे संपला, तिथेच थांबा. जोर लावलात तर भोकं फाटतात नाहीतर फिल्म डबीतून तुटून निघते, मग तो रोल अंधारातच बाहेर काढावा लागतो. कॅमेऱ्याच्या तळाशी एक बारीक बटण असतं, ते दाबल्याशिवाय रिवाइंड करायला जाऊ नका. आणि चुकून मध्येच झाकण उघडलंच तर घाबरून रोल फेकू नका, लगेच बंद करा, डबीत राहिलेली फिल्म शाबूत असते आणि स्पूलवर गुंडाळलेल्यातली आतली वेटोळीही पुष्कळदा वाचतात.

आयएसओ डायल

आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा. रोल बदलला, डायल तसाच. ४०० चा रोल १०० वर काढला तर ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह दोन स्टॉप, म्हणजे चौपट, जादा उजेड बहुतेक वेळा सांभाळून घेते, पण १०० चा रोल ४०० वर काढलात तर सावलीतला भाग निगेटिव्हवर आलेलाच नसतो आणि जे आलंच नाही ते प्रिंटमध्ये कुठून आणणार. रोल ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यात येतो त्याचं झाकण फाडून कॅमेऱ्याच्या मागच्या खोबणीत खोचा, खोबणी नसेल तर चिकटपट्टीवर आकडा लिहून लावा.

कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरबद्दल एवढंच की तो बिचारा समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतो. पांढऱ्या भिंतीसमोर तो कमी उजेड द्यायला सांगतो, काळ्या कपड्यांना जास्त. माणसाचा फोटो असेल तर जवळ जाऊन सावलीतली बाजू मोजा, मग मागे येऊन फोटो घ्या. मीटर बंद असला तरी कॅमेरा बंद नसतो, भर उन्हात अॅपर्चर एफ १६ आणि शटर आयएसओच्या जवळपास, म्हणजे ४०० च्या रोलला १/५००, हे एवढं पाठ असलं तरी काम होतं. जुन्या कॅमेऱ्यांचे काही मीटर १.३५ व्होल्टच्या मर्क्युरी सेलवर बेतलेले असतात, त्यात आजचा १.५ व्होल्टचा सेल घातला की आकडे चुकतात, सेकंडहँड कॅमेरा घेतलेल्यांनी हे आधी तपासा, नाहीतर वर्षभर स्वतःला दोष देत बसाल.

ओल्या रीलवर फिल्म चढवणं

प्लॅस्टिकचं रील, म्हणजे फिल्म गुंडाळून धुण्याच्या टँकमध्ये ठेवायची चक्री, हाडासारखं कोरडं पाहिजे. थेंबभर पाणी राहिलं तरी फिल्म मध्येच चिकटते, चेंजिंग बॅगमध्ये (उजेड न शिरणाऱ्या, हात घालायच्या पिशवीत) हाताला घाम सुटतो, घामाने अजून चिकटते आणि मग माणूस ढकलायला लागतो. ढकललं की फिल्म मुडपते आणि प्रत्येक मुडपीची चंद्रकोरीसारखी काळी खूण निगेटिव्हवर कायमची उमटते. अडकलं तर सगळं टँकमध्ये ठेवा, झाकण लावा, हात बाहेर काढून पुसा, पाच मिनिटं थांबा. मी चढवायच्या आधी टोक सरळ कापते आणि दोन्ही कोपरे किंचित गोल करते, त्याने निम्मी अडचण जाते. वाया गेलेला एक रोल घ्या आणि उजेडात दहा वेळा, डोळे मिटून दहा वेळा चढवा. हा सराव लोकांना कंटाळवाणा वाटतो, थेट खरा रोल घेऊन बॅगमध्ये हात घालतात आणि नंतर रडकुंडीला येतात, दर बॅचला एक तरी.

धुताना

तापमान अंदाजाने धरू नका. थर्मामीटर घ्या. एचपी५ प्लस फिल्मला आयडी-११ हे डेव्हलपर (चित्र वर आणणारं केमिकल) न पातळ करता वापरलं तर २० अंशाला साडेसात मिनिटं, एकास एक पातळ केलं तर १३ मिनिटं. खोली गरम असली की वेळ कमी करावी लागते आणि पाच मिनिटांच्या खाली गेलं की फिल्म एकसारखी धुतली जाईल याचा भरवसा राहत नाही, म्हणून मी पातळ केलेलंच वापरते, वेळ जास्त लागतो पण हाताशी सवड राहते. दर मिनिटाला पहिले दहा सेकंद टँक चार वेळा उलटासुलटा, मग ओट्यावर हलकेच आपटायचा म्हणजे हवेचे बुडबुडे सुटतात. फोनवर बोलत बोलत टँक हलवणारे मी पाहिलेत, ते एकदा हलवतात आणि दोनदा विसरतात.

बाटल्यांवर ठळक अक्षरात नावं लिहा आणि वापरायच्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडा. डेव्हलपरच्या आधी फिक्सर (चित्र पक्कं करणारं केमिकल) गेला तर अख्खा रोल कोरा होतो आणि त्याला उपाय नाही.

आता रोल कोरा निघाला तर चूक कुठे झाली हे ओळखायची एक साधी खूण आहे, ती आमच्या सरांनी माझ्या त्या आजोबांच्या रोलवरच शिकवली. कडेचे आकडे बघा. ते कारखान्यातच उजेडाने छापलेले असतात, दिसतात मात्र फिल्म डेव्हलप झाल्यावरच. आकडे ठळक आणि फ्रेमा कोऱ्या तर धुण्यात काही चुकलं नाही, कॅमेऱ्यात उजेडच पोचला नाही. आकडेसुद्धा गायब तर डेव्हलपर मेलेला होता किंवा फिक्सर आधी गेला. आकडे फिकट असतील तर डेव्हलपर जुना, थंड किंवा वेळ कमी. सगळी फिल्म कडेपासून कडेपर्यंत काळी तर कुठेतरी उजेड शिरला. आणि फिल्म दुधाळ दिसत असेल तर आनंद माना, ती फिक्स कमी झालीय, ताज्या फिक्सरमध्ये परत घाला, स्वच्छ होते.

प्रिंट ट्रेमधून लवकर उचलणं

ही माझी दुसरी दुखरी नस. लाल दिव्याखाली कोऱ्या कागदावर चित्र वर यायला लागतं ना, ते पहिल्यांदा बघताना कोणाचंही भान हरपतं, माझंही हरपलं होतं. पण तिथेच घात होतो. पंधरा-वीस सेकंदांत चित्र पूर्ण आल्यासारखं वाटतं, लाल उजेडात ते आहे त्यापेक्षा गडद दिसतं, माणूस घाबरतो की काळं पडणार आणि चिमट्याने उचलून स्टॉप बाथमध्ये (डेव्हलपिंग थांबवणाऱ्या केमिकलमध्ये) टाकतो. बाहेर उजेडात नेलं की काळ्याच्या जागी राख आणि पांढऱ्याच्या जागीही राख.

मी लागोपाठ दोन संध्याकाळी अशा राखेच्या प्रिंट काढल्या, एकाच निगेटिव्हच्या, बहुतेक अकरा कागद. आधी कागदाला दोष दिला, मग निगेटिव्हला, मग ग्रेड ३ चा (काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढवणारा) फिल्टर लावून पाहिला, ग्रेड ४ लावला. सर मागे उभे राहून बघत होते, शेवटी त्यांनी एवढंच केलं की एक्स्पोज केलेला कागद माझ्या हातातून घेतला, डेव्हलपरमध्ये चित्र खाली करून पालथा घातला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. पूर्ण एक मिनिट ट्रे हलवत राहिले. सुलटा केला तर प्रिंट जवळपास काळी. म्हणजे एन्लार्जरखाली (निगेटिव्हमधून कागदावर उजेड टाकणाऱ्या यंत्राखाली) मी १४ सेकंद देत होते ते मुळातच जास्त होते आणि त्याची भरपाई लवकर उचलून करत होते. नवीन टेस्ट स्ट्रिप काढली, म्हणजे कागदाच्या एका तुकड्यावर दोन-दोन सेकंदांनी वाढत जाणाऱ्या उजेडाच्या पट्ट्या, पूर्ण मिनिट डेव्हलप केली, आणि उत्तर आलं ८ सेकंद. ग्रेड २, साधा. त्या प्रिंटमध्ये काळा काळा होता आणि शर्टाच्या बाहीची शिवण मोजता येत होती.

मी अजूनही कागद पालथा घालते. प्लॅस्टिकचा थर असलेल्या कागदाला साधारण एक मिनिट, फायबरच्या कागदाला दोन, आणि ते पूर्ण होईपर्यंत हात लावायचा नाही. प्रिंट काळी आली तर वेळ एन्लार्जरवर कमी करा, ट्रेमध्ये नाही. टेस्ट स्ट्रिप वगळून "अंदाजे दहा सेकंद देऊ" म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कागदाची एक पट्टी वाचवायला जातात आणि चार अख्खे कागद घालवतात.

उरलेलं थोडक्यात. कागदाचं पाकीट उघडं ठेवून खोलीतला दिवा लावू नका, आधी पाकीट, मग दिवा. लाल दिवा कागदासाठी आहे, साध्या पँक्रोमॅटिक (लाल धरून सगळे रंग टिपणाऱ्या) फिल्मसाठी नाही, फिल्मला पूर्ण अंधारच लागतो. ५० मिमीच्या लेन्सला हातात धरून १/६० च्या खाली जायचं तर टेकायला काहीतरी शोधा. वाळत घातलेल्या फिल्मला बोट लावू नका, शेवटच्या पाण्यात वेटिंग एजंटचे (पाणी थेंब न धरता निथळून जावं म्हणून वापरायच्या द्रवाचे) दोन थेंब टाका म्हणजे डाग राहत नाहीत. आणि लॅबमध्ये धुवायला दिलात तर स्कॅन मिळाले म्हणून खूश होऊन परत येऊ नका, निगेटिव्ह मागून घ्या. सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या कापून स्लीव्हमध्ये घाला आणि स्लीव्हवर तारीख, फिल्म, डेव्हलपर, मिनिटं एवढं त्याच दिवशी लिहा, दुसऱ्या दिवशी आठवत नाही.