टीपी५३ क्लोनिंगला बसण्याआधी

टीपी५३ म्हणजे कर्करोग रोखणाऱ्या पी५३ प्रथिनाचं जनुक. उन्हाळी सुट्टीत त्याच्या क्लोनिंगचा, म्हणजे त्याची प्रत जिवाणूत घालून वाढवण्याचा, प्रकल्प करणार असाल तर आधी विजेचं बघा. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२ च्या पुढे जातो आणि लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. उणे ८० चा फ्रीजर जनरेटरवर आहे का, ते स्वतः बघून या. ‘आहे ना’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. कॉम्पिटंट पेशी (बाहेरचा डीएनए आत घ्यायला तयार केलेले जिवाणू) एकदा वितळल्या की गेल्या, म्हणून ५० मायक्रोलिटरचे छोटे भाग आधीच करून ठेवा. बर्फ मात्र त्याच सकाळी आणायचा.

जैवसुरक्षा समितीची मंजुरी लवकर मागा. रुग्णाचा नमुना घ्यायचा तर एथिक्स कमिटीही आलीच. त्यापेक्षा एमसीएफ-७ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्तनकर्करोगाच्या पेशींचा आरएनए बरा, त्यात हे जनुक मूळ स्वरूपात असतं. सुरुवात सीडीएनएपासूनच (आरएनएवरून बनवलेल्या डीएनए प्रतीपासून) करा. इंट्रॉनसकट, म्हणजे प्रथिनाचा संदेश नसलेल्या मधल्या तुकड्यांसकट, जनुक सुमारे २० हजार बेसचं आहे, प्रथिनाचा संदेश फक्त ११८२ बेसचा. पीसीआरचं (डीएनएच्या प्रती काढण्याचं) एन्झाइम आणि व्हेक्टर (जनुक जिवाणूत नेणारा प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं वर्तुळ) एकत्रच ठरवा: चुका दुरुस्त करणाऱ्या प्रूफरीडिंग एन्झाइमने टोकं बोथट येतात, ती टीए व्हेक्टरला तशीच जोडली जात नाहीत, कारण त्याला टोकाला एक जादा ‘ए’ बेस लागतो.

आगारची (जिवाणू वाढवायच्या माध्यमाची) बाटली हाताला सोसवेल इतकी निवली की मगच अँपिसिलिन घाला; या प्रतिजैविकात प्लाझ्मिड असलेले जिवाणूच तग धरतात. प्लेट रात्रभर ठेवा, पण दुसऱ्या दुपारपर्यंत विसरू नका. मोठ्या कॉलनीभोवतीचं अँपिसिलिन संपतं आणि तिथे राईएवढ्या बारीक कॉलन्यांचं कडं उठतं. त्यांच्यात प्लाझ्मिड नसतो, त्या उचलू नका.

सिक्वेन्सिंगवर, म्हणजे क्लोनमधले बेस वाचून घेण्यावर, कंजुषी नको. १९७९ मध्ये पी५३ सापडलं, आणि पुढची दहा वर्षं ते कर्करोग वाढवणारं जनुक मानलं गेलं, कारण प्रयोगशाळांतले क्लोनच बिघडलेले होते! खरं रूप १९८९ मध्ये कळलं. एका रीडमध्ये ७००-८०० बेस नीट वाचता येतात, म्हणून दोन्ही टोकांकडून वाचून घ्या, निदान तीन कॉलन्यांचं. बदल एकाच कॉलनीत दिसला तर तो बहुधा पीसीआरचा. तिन्हींत एकाच जागी दिसला तर पेशीतलाच. कोडॉन ७२ वर (प्रथिनातल्या ७२व्या अमिनो आम्लाच्या जागी) आर्जिनिनऐवजी प्रोलिन आलं तर घाबरू नका, निरोगी माणसांतही दोन्ही सर्रास आढळतात.

नमुने कुरिअरला देण्याआधी त्याच कॉलन्यांचे ग्लिसरॉल स्टॉक (गोठवून जपायचे जिवाणू) करा, आणि ट्यूबच्या झाकणावरच नव्हे, अंगावरही नंबर घाला. बर्फात झाकणावरची शाई पुसते.