इंडेक्सिंगला हात लावण्याआधीची तयारी

डेस्कटॉप दिसू लागून दोनेक मिनिटं होतात, एक्सेल उघडायला जावं तर वर्तुळ नुसतं फिरत राहतं आणि कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा विझायचं नाव घेत नाही. नेमकं याच वेळी हे होण्याला कारण आहे. फायली पटकन सापडाव्यात म्हणून विंडोज त्यांची एक सूची, म्हणजे इंडेक्स, आधीच करून ठेवतं. हे इंडेक्सिंग करणारी, पडद्यामागे चालणारी विंडोज सर्च ही सर्व्हिस ‘ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट’ प्रकारातली असते, त्यामुळे बाकीच्या सर्व्हिसेस सुरू झाल्यावर साधारण १२० सेकंदांनी ती कामाला लागते. यावर सगळीकडे मिळणारा सल्ला म्हणजे ‘बंद करून टाका’. माझ्या मते तो उपाय यादीत सर्वांत शेवटी यायला हवा.

आधी चोर इंडेक्सरच आहे का, याची खात्री करा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि डिस्कच्या रकान्यावर क्लिक करून जास्त वापर वर आणा. तिथे सर्चइंडेक्सर दिसला तरच पुढे वाचा. डिफेंडर या विंडोजच्या अँटिव्हायरसचं स्कॅन, विंडोज अपडेट आणि वनड्राइव्ह हेही सकाळीच कामाला बसतात, आणि त्यांच्या पापाचं खापर इंडेक्सरवर फुटतं. मशीनमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क आहे की एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, तेही टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये बघून ठेवा. फिरत्या डिस्कला विखुरलेले तुकडे वाचायचे झाले तर सेकंदाला शंभरेक तुकड्यांपलीकडे झेपत नाही, म्हणून खरा त्रास तिथेच होतो.

मग अॅडमिनचा पासवर्ड हाताशी घ्या आणि कंट्रोल पॅनेलमधलं इंडेक्सिंग ऑप्शन्स उघडा. वर किती आयटम इंडेक्स झाले तो आकडा असतो, तो कागदावर लिहा. मायक्रोसॉफ्टच्याच म्हणण्यानुसार ४ लाखांच्या पुढे वेग मंदावू शकतो आणि १० लाखांच्या पुढे तर इंडेक्सच अडखळू शकतो. आकडा लहान असून नुसता वाढत असेल, तर काम पहिल्यांदाच चाललं आहे असं समजा. तुम्ही माउस-कीबोर्ड वापरत असलात की इंडेक्सर आपला वेग कमी करतो. रोज सकाळी मशीन लावून लगेच कामाला बसणाऱ्याचं इंडेक्सिंग यामुळेच दिवसेंदिवस रेंगाळतं. स्लीप बंद करून मशीन एक रात्र चालू सोडा. बऱ्याचदा एवढ्यानेच भागतं.

भागलं नाही तर व्याप्ती कमी करायची. सेटिंग्जमध्ये ‘सर्चिंग विंडोज’ या पानावर ‘क्लासिक’ आणि ‘एन्हान्स्ड’ असे दोन पर्याय असतात. एन्हान्स्ड म्हणजे अख्खा कॉम्प्युटर, आणि कुणीतरी उत्साहाने तोच निवडलेला असतो. क्लासिकवर या. नंतर इंडेक्सिंग ऑप्शन्समध्ये ‘मॉडिफाय’ दाबून कोणत्या फोल्डरवर टिक आहे ते पाहा. दिवसभर बदलत राहणारी फोल्डरं, म्हणजे टॅलीचा डेटा, प्रोग्रामरांचे नोड मॉड्यूल्स, व्हर्च्युअल मशीन, तिथे असतील तर टिक काढा. फाइल बदलली की इंडेक्सर पुन्हा तिच्या मागे जातो. लग्नाच्या फोटोंचं फोल्डरही काढा, त्यातला फोटो कुणी नावाने शोधत नाही. आउटलुकवरची टिक मात्र जपून. जुना मेल शोधणं याच इंडेक्सवर चालतं.

आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांनी आणि जुन्या कार्यालयांनी एक गोष्ट आवर्जून करावी. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये, श्रीलिपीसारख्या, टाइप केलेल्या वर्डच्या फायली पडद्यावर मराठी दिसतात, पण आत साठवलेली अक्षरं रोमन आणि चिन्हांची खिचडी असते. ‘अर्ज’ शोधलात तर त्या फायलींतला अर्ज कधीच सापडणार नाही, आणि इंडेक्सर मात्र ती खिचडी शब्द म्हणून इमानदारीने नोंदवत बसतो. अशा फायलींचं जुनं फोल्डर इंडेक्समधून सरळ वगळा. त्यांची नावं नीट ठेवली असतील तर नावावरून शोधणं पुरतं. ‘अॅडव्हान्स्ड’मधल्या फाइल टाइप्स टॅबमध्ये एखाद्या प्रकाराची फक्त वरवरची माहिती (नाव, तारीख वगैरे) नोंदवायची की आतला मजकूरही, तेही ठरवता येतं, पण ती निवड त्या प्रकारच्या सगळ्या फायलींना लागते, म्हणून वर्डच्या बाबतीत दोनदा विचार करा.

याच ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये ‘रीबिल्ड’चं बटण आहे. शोधलेलं सापडत नसेल किंवा इंडेक्स बिघडल्याची शंका असेल तरच ते दाबा, आणि शनिवारी संध्याकाळी काम संपवून दाबा. जुना इंडेक्स पुसून सगळं पहिल्यापासून होतं, त्याला तास लागतात. वीज जाणाऱ्या भागात यूपीएस असलेला बरा.

एवढं करूनही रोजची सकाळ तशीच जात असेल तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन विंडोज सर्च आधी थांबवा, मग ‘डिसेबल्ड’ करा. शोध बंद पडत नाही, फक्त फार हळू होतो. नावावरून शोधण्यापुरतं ‘एव्हरीथिंग’ हे मोफत सॉफ्टवेअर मी लावून देतो. ते डिस्कवर विंडोजने (एनटीएफएस या पद्धतीत) ठेवलेली फाइलयादीच वाचतं, फायली उघडत नाही, म्हणून डिस्कला जाणवतही नाही.

आणि सर्व्हिस बंद असतानाही टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा वापर १०० टक्क्यांवरच अडकलेला असेल, तर सेटिंग्जमधली शोधाशोध तिथेच थांबवा. डिस्क मरायला टेकलेली असू शकते. आधी बॅकअप घ्या, क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये डिस्कची तब्येत नंतर बघा.