कोबा पडायच्या आधी पुरायचे बागेचे पाइप

बंगला बांधून होतो, अंगणात पेव्हर बसतात आणि मग गेटजवळ दिवा हवा, कोपऱ्यातल्या वाफ्याला पाणी हवं, हे आठवतं. तोवर उशीर झालेला असतो. जोत्याच्या बीमचं शटरिंग लागलं की बाहेर काढायच्या पाइपांचे तुकडे ठेवायचे. चर मात्र सेप्टिक टँक आणि ड्रेनेज आटोपल्यावर, पण कोब्याच्या आधी. घाई करून आधीच पुरलं, तर सेप्टिकचा खड्डा घ्यायला आलेला जेसीबी सगळं उचकटतो. जोत्याला वाळवीचं औषध मारायचं असेल तर तेही चर बुजवल्यानंतरच, नाहीतर औषधाची पट्टी खणण्यात तुटते.

जोत्यात 110 मिमीचे दोन तुकडे पुरेत, एक वायरचा आणि एक पाण्याचा. ते बीमच्या खालून नेलेले उत्तम. बीममधूनच न्यायचे तर आरसीसी डिझायनरला विचारल्याशिवाय नको. उतार बाहेरच्या बाजूला द्या, म्हणजे पावसाचं पाणी घरात येणार नाही. तोंडांना एंड कॅप लावा. गोणपाट कोंबलं की काँक्रीटची स्लरी आत जाऊन घट्ट होते.

विजेचा चर 75 सेंमी खोल, पाण्याचा 45 पुरे. दोन्ही शेजारून जात असतील तर मध्ये 30 सेंमी अंतर ठेवा आणि एकमेकांना छेदताना काटकोनात छेदा. चराच्या तळाला 7-8 सेंमी वाळू, त्यावर पाइप, पुन्हा वाळू, मग विटांचा थर, वर चाळलेला मुरूम. विजेच्या चरात जमिनीपासून फूटभर खाली इशाऱ्याची टेप पसरा. गाडी जाते तिथे पाइपभोवती 10 सेंमी काँक्रीट घाला. काळ्या मातीत तर वाळूत कंजूषी नकोच. उन्हाळ्यात ती माती भेगाळते आणि पाइपाचे जोड सुटतात.

विजेसाठी 50 मिमीचा पाइप घ्या. 3 कोअर (आत तीन तारा) 2.5 चौरस मिमीच्या आर्मर्ड, म्हणजे पोलादी कवचाच्या, केबली त्यात तीन आरामात बसतात. पाइप आहे म्हणून घरातली साधी वायर घालायची चूक बरेच इलेक्ट्रिशियन करतात. जमिनीतल्या पाइपात पाणी शिरतंच, आणि घुशी पाइपही कुरतडतात. वळणावर एल्बो नको, लांब बेंडच हवा. आर्मर्ड केबल एल्बोतून वळत नाही, अडकते. दर 15-20 मीटरवर आणि प्रत्येक मोठ्या वळणावर दीड फुटी चेंबर बांधा. त्याचा तळ काँक्रीटचा करू नका, 15 सेंमी खडी टाका, म्हणजे पाणी मुरेल. पाइपात नायलॉनची दोरी ओवून ठेवा, दोन्ही टोकांना मीटरभर जास्त. बुजवायच्या आधी दोरीला चिंधीचा बोळा बांधून ओढून पाहा. अडला तर चर उघडा आहे तोवरच दुरुस्ती सोपी. बागेच्या सर्किटला वेगळी एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवीच.

बारा व्होल्टचे दिवे लावणाऱ्यांनी एक हिशेब करावा. 60 वॅटचे दिवे म्हणजे 5 अँपिअर. 1.5 चौरस मिमीच्या तारेतून 30 मीटर नेले तर साडेतीन व्होल्ट वाटेतच जातात आणि दिवे मिणमिणतात. 230 व्होल्ट दिव्यांपर्यंत न्या आणि ड्रायव्हर (230 चे 12 व्होल्ट करणारा डबा) तिथेच, पाणी न लागणाऱ्या पेटीत बसवा.

पाण्याची मेन लाइन 32 मिमीची. सुरुवातीला व्हॉल्व्ह आणि फिल्टर, शेवटाला फ्लश व्हॉल्व्ह. ठिबकच्या 16 मिमीच्या नळ्या मात्र पुरू नका, गाळ कुठे अडलाय ते दिसत नाही. टायमर लावायचा तर 24 व्होल्टच्या सोलनॉइड (विजेवर उघडणाऱ्या) व्हॉल्व्हच्या तारांसाठीही पाइप आत्ताच टाका. चार व्हॉल्व्हना पाच तारा लागतात, प्रत्येकाची एक आणि एक सामाईक. दोन जादा राहाव्यात म्हणून 7 कोअरची केबल घ्या. पण पाणी येणार कुठून ते आधी बघा. छतावरच्या टाकीतलं पाणी बागेपेक्षा 6 मीटर उंच असेल तर दाब चौरस सेंमीला जेमतेम 0.6 किलो. एवढ्यावर बरेचसे सोलनॉइड नीट उघडत नाहीत. मग छोटा प्रेशर पंप घ्यावा लागतो, त्याची वायरही विजेच्या चरातूनच न्यायची.

वीज आणि पाणी दोन्हीकडे एकेक रिकामा पाइप जादा टाका. पाण्याची लाइन बुजवण्याआधी दाबाखाली रात्रभर भरून ठेवा. शेवटी चरात मोजमापाची टेप आडवी धरून फोटो काढा, आणि प्रत्येक वळणाचं घराच्या दोन कोपऱ्यांपासूनचं अंतर कागदावर लिहून तो डीबीच्या (एमसीबींच्या पेटीच्या) दाराला आतून चिकटवा.