जुनी टू-स्ट्रोक एन्ड्युरो वरच्या आरपीएमला दम टाकते? पार्ट घेण्याआधी या चुका टाळा

सेकंडहँड टू-स्ट्रोक एन्ड्युरो (मातीत, कच्च्या वाटेवर चालवायची बाइक) घेतली की पहिल्या महिन्यात जवळपास सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच, खालून मस्त ओढते पण वर गेली की मरते. मग लगेच खरेदी सुरू होते, नवा पाइप, नवे रीड (मिश्रण आत घेणाऱ्या झडपेच्या पात्या), आणि कोणीतरी सांगतंच की ब्लॉकचे म्हणजे सिलिंडरचे पोर्ट, मिश्रण आत-बाहेर जायची भोकं, घासून घे. मीही हेच केलं. माझी केटीएम २५० ईएक्ससी टेम्पोत घालून कर्जतच्या बाजूला मित्राच्या शेतावर नेली (पासिंग नसलेली गाडी रस्त्यावर काढायची नाहीच), तिथे बघितलं तर अर्ध्या थ्रॉटलनंतर नुसता आवाज वाढतो, वेग नाही. पाइपवर चांगले पैसे घातले, काही फरक पडला नाही. शेवटी पॉवर वाल्व्ह उघडला तर तो कार्बन आणि जळक्या ऑइलने अर्ध्यातच अडकलेला.

म्हणून पहिली चूक हीच, पॉवर वाल्व्ह न बघता पुढे जाणं. हा वाल्व्ह एक्झॉस्ट पोर्टच्या वरच्या कडेला बसतो, कमी आरपीएमला पोर्टची उंची कमी ठेवतो आणि वर गेलं की पूर्ण उघडतो. तो बंद अडकला तर वरची पॉवर येणारच नाही, बाकी काहीही लावा. ब्लॉकच्या बाजूचं छोटं झाकण काढा, गाडी चालू करून गरम होऊ द्या, रेस दिली की लिव्हर शेवटपर्यंत फिरताना दिसला पाहिजे. फिरला तरी खोलून साफ करा, कारण लिव्हर फिरतो म्हणजे आतली फ्लॅप पूर्ण वर जाते असं नाही, आधीच्या मालकाने एखादा दाता चुकवून बसवलेला असू शकतो. खोलताना प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. केटीएमला तीन रंगांच्या स्प्रिंग येतात, हिरवी मवाळ, पिवळी मधली, लाल तिखट. लाल घातली की वरची पॉवर वाढते असं बरेच जण समजतात, तसं नाहीये. लालने पॉवर एकदम अंगावर येते, पण वाल्व्ह पूर्ण उघडल्यावर तिन्हींची कमाल पॉवर तीच.

दुसरी चूक मला जास्त धोक्याची वाटते, इंजिन बाहेरची हवा घेतंय का ते न तपासता जेटिंग करणं, म्हणजे कार्ब्युरेटरमधले पेट्रोलचे जेट बदलणं. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण क्रँककेसमधून जातं, त्यामुळे मॅग्नेट साइडचा ऑइल सील गेला की तिथून फुकटची हवा आत येते, गाडी लीन होते (हवा जास्त, पेट्रोल कमी), थ्रॉटल सोडला तरी रेस लगेच खाली येत नाही, आणि एक दिवस फुल थ्रॉटलवर पिस्टन जाम. क्लच साइडचा सील गेला तर उलटं, गिअर ऑइल आत ओढलं जातं, पांढरा धूर येतो आणि गिअर ऑइल कमी होत जातं. घरच्या घरी टेस्ट होते. एक्झॉस्ट आणि इनटेक रबरी बुचाने बंद करा, पिस्टन खाली आणा, प्लग जागेवर ठेवा, आणि बीपी मोजायच्या मशीनचा पंप आणि काटा जोडा. ३०० पर्यंत भरलं म्हणजे जवळपास ६ पीएसआय. सहा मिनिटं थांबा, मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त पडत असेल तर साबणाचं पाणी मारून बुडबुडे कुठे येतात ते शोधा. सील मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळून जातात पण फक्त साइज जुळला म्हणून घेऊ नका, पेट्रोल आणि उष्णता सहन करणारं रबर आहे का ते विचारा.

आता आपल्याकडच्या मेकॅनिकबद्दल. मुंबईत टू-स्ट्रोकचा हात असलेले बहुतेक जण आरएक्स १०० वर शिकलेत, त्यांचा कान जबरदस्त असतो, माझी गाडीही अशाच एका काकांनी उभी केली. पण आरएक्सची सवय एन्ड्युरोला लावली की घात होतो. आरएक्सचा ब्लॉक लेथवर बोअर करून पुढच्या साइजचा पिस्टन घालतात. या गाड्यांच्या ब्लॉकला आत निकासिलचा (निकेलच्या कडक मुलाम्याचा) पातळ थर असतो, तो बोअर केला की गेलाच, थर खराब असेल तर पुन्हा प्लेटिंग किंवा दुसरा ब्लॉक. तसंच सायलेन्सरचं. तो फुगलेला पाइप काही फक्त धूर बाहेर काढायला नसतो, त्याच्या मागच्या निमुळत्या भागावर आपटून दाबाची लाट परत येते आणि बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण ब्लॉकमध्ये ढकलते. ते अंतर ठराविक आरपीएमसाठी मोजलेलं असतं. कोणी पाइप कापून वेल्डिंग केलं असेल, मोठा डेंट असेल, किंवा शेवटची बारीक नळी बदलून हाताला लागेल ती घातली असेल, तर ती लाट चुकीच्या वेळी पोचते. आणि पाइपवरचं नाव बघा, जुन्या गाडीला एफएमएफ कंपनीचा नार्ली पाइप लावलेला असेल तर तो मुळात खालच्या ताकदीसाठी बनवलाय, वरची ओढ हवी असेल तर त्यांचाच फॅटी जवळचा.

हे सगळं नीट असेल तरच कार्बला हात लावा. इथे मुंबईची एक खास अडचण आहे जी मला कोणी सांगितली नव्हती. गाडी पुण्याच्या माणसाकडून घेतली असेल तर जेटिंग पुण्याच्या हवेचं असतं. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर, तिथली हवा आपल्या समुद्रकाठच्या हवेपेक्षा पाचेक टक्के विरळ. तेच जेट इथे लीन पडतात. त्यात आता पंपावर ई२० पेट्रोल (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं), शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई२० ला साधारण १३.५ पट, म्हणजे तेवढ्याच हवेला जास्त पेट्रोल हवं. जुन्या मॅन्युअलमधला मेन जेट तसाच घालून फुल थ्रॉटल मारणं म्हणजे पिस्टनशी खेळ. मी दोन साइज मोठ्या मेन जेटने सुरुवात करतो, वर गाडी फडफड करते, मग एकेक साइज खाली. मेन जेट पाऊण ते फुल थ्रॉटल बघतो, मध्ये निडल, अगदी खाली पायलट, त्यामुळे वरच्या तक्रारीसाठी पायलट बदलत बसू नका.

पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलचंही उलटं समजतात लोक. ४०:१ म्हणजे लिटरला २५ मिली. इंजिन सुरक्षित राहावं म्हणून कोणी ४० मिली टाकतं, पण ऑइल वाढलं म्हणजे त्याच जेटमधून पेट्रोल कमी गेलं, गाडी अजून लीन. ऑइल वाढवायचं असेल तर जेटही बघा. पावसाळ्यात प्रीमिक्स (ऑइल मिसळलेलं पेट्रोल) कॅनमध्ये साठवू नका, इथेनॉल आपल्या दमट हवेतलं पाणी ओढून घेतं.

लांब सरळ पट्ट्यावरच गाडी मरत असेल तर टाकीच्या झाकणाची हवेची नळी आणि पेट्रोल कॉकची जाळी बघा, कार्बचा बाउल रिकामा होत असतो. पॉवर वाल्व्ह नीट असूनही आवाज चढतो आणि वेग चढत नाही, तर क्लच सटकत असू शकतो.

पोर्ट घासणं सगळ्यात शेवटी, आणि माझं स्पष्ट मत, ज्याने तुमच्याच मॉडेलचे ब्लॉक केलेत त्याच्याकडूनच. एक्झॉस्ट पोर्ट वर नेला की खालची ओढ जाते, कड गोल केली नाही तर रिंग अडकते, आणि घासलेलं परत भरता येत नाही. इग्निशन ॲडव्हान्स करून (ठिणगी आधी पाडून) वरची पॉवर मिळत नाही, उलट जाते. वरच्या आरपीएमला थोडं रिटार्ड (ठिणगी उशिरा) ठेवलं तर एक्झॉस्ट गॅस जास्त गरम राहतो, लाट जास्त वेगाने परत येते आणि गाडी अजून पुढे रेव्ह घेते. ॲडव्हान्स फार झाला तर नॉकिंगने पिस्टनच्या डोक्यावर वाळू मारल्यासारखे खड्डे पडतात.

आणि कधीकधी इंजिनात काही दोषच नसतो, गाडी छोट्या गिअरिंगवर असते आणि तिची पॉवर लगेच संपल्यासारखी वाटते. माझ्या गाडीला पुढे १३ आणि मागे ५० दातांचं स्प्रॉकेट होतं. पुढचं १४ केलं, म्हणजे मागे जवळपास साडेतीन दात कमी केल्यासारखं, आणि कर्जतच्या त्याच पट्ट्यावर तिसऱ्या गिअरमध्ये जिथे रेव्ह संपायची तिथून पुढे ती अजून ओढत गेली. स्प्रॉकेट बदललंत तर चेनचं टेन्शन पुन्हा सेट करा आणि मागचं चाक दोन्ही बाजूंना सारखं बसलंय का ते स्विंगआर्मच्या खुणांवरून बघून घ्या.