संगणकावर संगीत रचताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे हाती आवाज नसताना सॉफ्टवेअर उघडून बसणं. प्रीसेट, म्हणजे तयार आवाज, चाळण्यात रात्र जाते आणि रचना दुसऱ्याचीच वाटते. फ्रेंच संगीतकार पिएर शेफरने १९४८ मध्ये पॅरिसला आगगाड्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले आणि त्यांतूनच रचना उभी केली. आपल्या नागपुरात तर हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही लोहमार्ग एकमेकांना छेदतात. कळमन्याच्या बाजारातली लिलावाची बोली आहे, इतवारीतली गर्दी आहे. तिथे कान लावून उभे राहा, लोकांना विचारून रेकॉर्ड करा, मग घरी येऊन काटछाट करा.

उन्हाळ्यात घरी रेकॉर्डिंग करताना कूलर चालू ठेवू नका. नंतर नॉइज रिडक्शनने काढू, असं सगळेच म्हणतात. पण पंख्याची सरसर खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्यांत पसरलेली असते. ती काढायला गेलं की स्वराची शेपटीही जाते आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. कूलर बंद करून पहाटे रेकॉर्ड करा. रेकॉर्डिंगची बिट डेप्थ २४ बिट ठेवा, मीटरवर पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. शून्याला कापला गेलेला आवाज नंतर कमी केला तरी फाटलेलाच राहतो.

तानपुऱ्यावर सिंथ (सॉफ्टवेअरमधला सिंथेसायझर) लावला आणि गंधार बोचतो? दोष कानाचा नाही. तानपुऱ्यातून उमटणारा गंधार कीबोर्डच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरलेला असतो (कीबोर्डच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट). सिंथमध्ये फक्त गंधार तेवढा खाली घ्या. बहुतेक सिंथमध्ये ही सोय असते, पण फार कमी जण तिला हात लावतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्लेबॅकमध्ये चटचट येत असेल तर बफर (संगणक एका दमात हाताळतो तेवढे आवाजाचे नमुने) ५१२ करा. गाताना-वाजवताना पुन्हा १२८ वर आणा, नाहीतर आवाज उशिरा ऐकू येतो. मे महिन्यात लॅपटॉप तापून प्रोसेसर मंदावतो, तेव्हा जड ट्रॅक ऑडिओत उतरवून घ्या.

वरचे सूर वाजवताना मध्येच बेसूर, उलट खाली सरकणारे स्वर ऐकू आले तर ते एलियासिंग असतं. ४४,१०० सॅम्पल रेटला (सेकंदाला तेवढे नमुने) २२,०५० हर्ट्झच्या वरचं काही मावत नाही. २५,००० चा उपस्वर दुमडून १९,१०० वर उमटतो. सिंथमधलं ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे आतल्या आत जास्त रेटने आवाज घडवायची सोय, चालू करा. एकदा उमटलेला हा स्वर नंतर फिल्टरने वेगळा काढता येत नाही.