प्रोमिथियस-ग्राफाना लावताना या चुका टाळा: कन्सोल चकाचक असतो, पण सर्व्हर कधी भरणार ते कळत नाही

लिनक्स सर्व्हरवर नोड एक्सपोर्टर (सर्व्हरचे आकडे देणारा छोटा प्रोग्रॅम) टाकला, ते आकडे गोळा करून साठवणारा प्रोमिथियस चालू केला, त्यांचे ग्राफ काढणाऱ्या ग्राफानात 1860 नंबरचा तो रेडिमेड डॅशबोर्ड इम्पोर्ट केला, रंगीत काटे हलायला लागले की स्क्रीनशॉट ग्रुपवर जातो आणि खाली लिहिलेलं असतं "मॉनिटरिंग झालं". अर्ध्या तासात होतं हे सगळं, त्याबद्दल काही म्हणणं नाही, टूल्स खरंच चांगली आहेत आणि फुकट आहेत. म्हणणं एवढंच आहे की त्यानंतर त्या कन्सोलला कुणी मुख्य प्रश्न विचारतच नाही, की बाबा हा सर्व्हर कधी भरणार? आत्ता सीपीयू किती चाललाय ते टॉप कमांडसुद्धा सांगते, त्यासाठी एवढा सेटअप कशाला लागतो. कपॅसिटीचा कन्सोल म्हणजे "अजून किती दिवस" याचं उत्तर, आणि खालच्या बहुतेक चुका मला वारंवार दिसतात त्या हा प्रश्न मनात नसल्यामुळेच.

आयनोड न बघणं

ही माझ्या डोक्यात जाणारी एक नंबरची चूक आहे, म्हणून सविस्तर सांगतो. आयनोड म्हणजे फाईलसिस्टिममधली प्रत्येक फाईलची नोंद, जागा शिल्लक असली तरी या नोंदी संपू शकतात.

एका क्लायंटकडचा किस्सा. ऑनलाइन ऑर्डर घेणारं पीएचपीचं अ‍ॅप, उबंटू सर्व्हर, 100 जीबीची ईएक्सटी4 (लिनक्सची नेहमीची फाईलसिस्टिम) डिस्क. रात्री फोन आला की कुणालाच लॉगिन होत नाहीये, आणि लॉगमध्ये एकच ओळ परत परत, "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस". तिथला नवीन अ‍ॅडमिन स्क्रीन शेअर करून ग्राफाना दाखवतोय, "सर, डिस्क 40 टक्केच भरलीये, हे बघा ना", आणि खरंच काटा हिरव्यात होता. त्याने तोपर्यंत अपाचे रीस्टार्ट करून झालं होतं, सर्व्हर रीबूट करून झाला होता, पीएचपीचं व्हर्जन बदलायची तयारी चालली होती. त्याला म्हटलं आधी हात थांबव आणि डीएफ कमांड -आय लावून चालव. रूट पार्टिशनवर आयनोडचा वापर 100 टक्के.

आता हिशोब बघा. ईएक्सटी4 फॉरमॅट करताना डीफॉल्टने दर 16 केबीमागे एक आयनोड बनतो, म्हणजे 100 जीबीला साधारण 65 लाख. प्रत्येक फाईलला एक आयनोड लागतो, मग फाईल एक बाइटची असो की 10 जीबीची. पीएचपीची सेशन फाईल (लॉगिन वगैरे लक्षात ठेवायला बनते ती) असते काही बाइट्सची, डिस्कवर 4 केबीचा एक ब्लॉक अडवते, त्यामुळे अशा 65 लाख फाईल्स झाल्या तरी जागा जाते फक्त 25 जीबी. बाकी ओएस आणि डेटा धरून 40 टक्के, आणि आयनोड मात्र संपलेले. डिस्कच्या टक्क्याचा ग्राफ खोटं बोलत नव्हता, फक्त त्याला विचारलेला प्रश्न अपुरा होता.

एवढ्या फाईल्स आल्या कुठून? डेबियन-उबंटूवर पीएचपीची स्वतःची सेशन सफाई बंद ठेवलेली असते आणि ते काम एक वेगळा टाइमर करतो, तो टाइमर पीएचपीच्या आयएनआय फाईलमध्ये लिहिलेला फोल्डर साफ करतो. इथे डेव्हलपरने फोल्डर अ‍ॅपच्या कोडमधून बदललेला होता, टाइमरला त्याचा पत्ताच नाही, आणि वरून बॉट्स येतायत, कुकी ठेवत नाहीत, दर हिटला नवीन सेशन. महिनोन्महिने साचत गेलं. पुसायला गेलो तर आरएम आणि स्टार म्हणतो "आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग", कारण शेल तेवढी नावं एका कमांडला देऊच शकत नाही. फाइंड कमांडला -डिलीट लावून, आयओनाइसने प्रायॉरिटी खाली आणून सावकाश पुसलं, पहाट झाली त्यात.

आणि ईएक्सटी4 वर आयनोडची संख्या फॉरमॅटच्या वेळी ठरते, नंतर नुसती वाढवता येत नाही, एकतर फाईलसिस्टिमच मोठी करा नाहीतर नव्याने फॉरमॅट करा. एक्सएफएस लागेल तसे आयनोड बनवते, म्हणून लाखो छोट्या फाईल्सचं काम असेल तर मी तिथे एक्सएफएस घेतो. पण फाईलसिस्टिम कुठलीही असो, डॅशबोर्डवर डिस्कच्या शेजारी आयनोडचं पॅनल लावायचंच. नोड एक्सपोर्टर दोन्ही आकडे आधीपासून देतोच आहे, फाइल्स-फ्री भागिले फाइल्स, एका ओळीचं काम आहे, आणि रेडिमेड डॅशबोर्डमध्येही ते कुठेतरी खाली घडी घातलेल्या रांगेत असतं जी कुणी कधी उघडत नाही.

डिस्कच्याच दोन लहान गोष्टी इथेच उरकतो. डीएफ (डिस्कचा एकूण हिशोब) म्हणतंय भरली आणि डीयू (फाईल्सची बेरीज) म्हणतंय मोकळी, असं झालं तर कुणीतरी चालू प्रोसेसची लॉग फाईल आरएमने उडवलीये, प्रोसेसने ती अजून धरून ठेवलीये म्हणून जागा सुटत नाही. उघड्या फाईल्स दाखवणाऱ्या एलएसओएफला +एल1 लावून ती प्रोसेस शोधा आणि रीस्टार्ट करा, आणि पुढच्या वेळी चालू लॉग पुसण्याऐवजी जुने लॉग ठरावीक वेळी बाजूला काढणारा लॉगरोटेट लावा. दुसरं म्हणजे ईएक्सटी4 डीफॉल्टने 5 टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते, त्यामुळे ग्राफमध्ये "फ्री" नाही तर "अव्हेल" वाला आकडा घ्या, तुमच्या अ‍ॅपला तेवढीच मिळणार आहे. 4 टीबीच्या डिस्कवर हा फरक 200 जीबीचा होतो!

15 दिवसांचा डेटा आणि वर्षाचं प्लॅनिंग

प्रोमिथियसची डीफॉल्ट रिटेन्शन, म्हणजे डेटा ठेवायची मुदत, 15 दिवसांची आहे. म्हणजे तुम्ही काही सांगितलं नाही तर जुना डेटा तो पुसत जातो, बिचारा कुठे तक्रारही करत नाही. मग सहा महिन्यांनी मॅनेजर विचारतो की मागच्या दिवाळीच्या सेलला किती लोड होता, यावर्षी किती रॅम मागायची, आणि आपल्याकडे आहे गेल्या दोन आठवड्यांचा ग्राफ, त्यात ना दिवाळी ना मार्च एंड ना रिझल्टचा दिवस. जूनचा पाऊस बघून धरण किती भरेल ते सांगण्यासारखं आहे हे.

लोक म्हणतात वर्षाचा डेटा ठेवला तर डिस्क किती लागेल हो. अरे मग काढा ना हिशोब, अवघड काही नाही! प्रोमिथियस एका सॅम्पलला (एका वेळी घेतलेल्या एका आकड्याला) सरासरी 1 ते 2 बाइट्स घेतो. एका साध्या सर्व्हरच्या साधारण 1000 सिरीज (मोजल्या जाणाऱ्या वेगवेगळ्या गोष्टी) धरा, कोअर आणि डिस्क जास्त असतील तर वाढतील. दर 15 सेकंदांनी स्क्रेप (आकडे गोळा करणं) म्हणजे दिवसाला 57 लाखांच्या आसपास सॅम्पल्स, 2 बाइट्सने साडेअकरा एमबी, वर्षाचे सव्वाचार जीबी. एका सर्व्हरचं वर्ष सव्वाचार जीबीत! 20 सर्व्हर असतील तर 85 जीबी. इंटरव्हल एक मिनिटाचा केलात तर त्याच्या चौथाई, आणि कपॅसिटीसाठी एक मिनिट भरपूर झाला.

मी रिटेन्शन टाइम 400 दिवस ठेवतो, मागच्या वर्षीचा तोच महिना शेजारी लावून बघता यावा म्हणून वर थोडे दिवस. सोबत रिटेन्शन साइझही लिहितो, दोन्हींपैकी जे आधी येईल ते लागू होतं, त्यामुळे मॉनिटरिंगनेच डिस्क भरली असा प्रकार होत नाही. प्रोमिथियसचा डेटा फोल्डर एनएफएसवर (नेटवर्कवरच्या शेअर केलेल्या डिस्कवर) मात्र ठेवू नका, ते सपोर्टेडच नाही, करप्ट झाला की सगळं वर्ष गेलं. सर्व्हर शेकड्यांत असतील तर मोठ्या प्रमाणावर मेट्रिक्स साठवणाऱ्या थॅनोस किंवा व्हिक्टोरियामेट्रिक्सकडे वळा, पण दहा-वीस मशीनसाठी पहिल्याच दिवशी थॅनोस उभारणाऱ्यांना माझं सांगणं आहे, आधी एक प्रोमिथियस नीट चालवा.

याच्याशीच जोडलेली चूक म्हणजे सरासरी. 30 दिवसांचा ग्राफ उघडला की ग्राफाना बऱ्याच वेळाचा मिळून एकच बिंदू काढतो, आणि रोज सकाळी 11 ला दहा मिनिटं 100 टक्क्यांना भिडणारा सीपीयू त्यात एकतर निसटतो नाहीतर सरासरीत विरघळून 35 दिसतो. लांबच्या ग्राफला दर टप्प्यातला सर्वांत मोठा आकडा देणारं मॅक्स-ओव्हर-टाइम लावा. वापरकर्त्याला त्रास होतो तो त्या दहा मिनिटांत.

रॅम भरलीये म्हणून घाबरणं

"सर रॅम 95 टक्के भरलीये, अपग्रेड करू का?" नाही, आधी अव्हेलेबल बघ. लिनक्स रिकामी रॅम फाईल कॅशसाठी वापरतो, गरज पडली की सोडून देतो, त्यामुळे फ्री आकडा कायम कमीच दिसणार. 2014 च्या कर्नल 3.14 पासून मेमइन्फोमध्ये मेम-अव्हेलेबल अशी स्वतंत्र ओळ आहे, ग्राफ त्याचाच काढायचा, सोबत स्वॅप-इन आणि स्वॅप-आउटचा (रॅम कमी पडली की डिस्कवर होणाऱ्या ये-जाचा) रेट. अव्हेलेबल घसरतंय आणि स्वॅप हलतंय, मग रॅम कमी आहे.

आणि क्रॉनमध्ये दर तासाला कॅश रिकामी करणारं ड्रॉप-कॅशेस चालवणारे लोक अजूनही भेटतात. कृपा करून काढा ते. ग्राफ छान दिसतो एवढाच फायदा, बाकी डेटाबेस दर तासाला सगळं परत डिस्कवरून वाचत बसतो आणि मग तुम्ही डिस्क स्लो आहे म्हणून एसएसडी मागता.

लोड अ‍ॅव्हरेजचंही असंच, लिनक्सवर त्यात डिस्कची किंवा एनएफएसची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही मोजल्या जातात, तेव्हा लोड 40 आणि सीपीयू रिकामा असं दिसलं तर कोअर वाढवून काही होणार नाही, आयओवेट (डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ) बघा. क्लाउडच्या व्हीएमवर स्टील टाइमचं पॅनल ठेवा, शेजारचा व्हीएम तुमचा वेळ खात असेल तर ते फक्त तिथेच कळतं.

सगळीकडे 80 टक्क्यांचा अलर्ट

20 जीबीच्या डिस्कवर 80 टक्के म्हणजे 4 जीबी उरलेत, एका बिघडलेल्या लॉगला तासाभराचं काम. 10 टीबीवर 80 टक्के म्हणजे 2 टीबी उरलेत, कदाचित वर्ष जाईल. दोघांना एकच नियम लावला की एकाचा अलर्ट उशिरा येतो आणि दुसऱ्याचा रोज येतो, आणि रोज येणारा अलर्ट माणूस आठवड्याभरात म्यूट करतो, त्याच्याबरोबर खरा अलर्टही म्यूट होतो.

प्रोमिथियसमध्ये प्रेडिक्ट-लिनिअर नावाचं फंक्शन याच कामासाठी आहे, मागच्या काही तासांचा उतार बघून इतक्या वेळाने आकडा किती असेल ते सांगतं, तो शून्याखाली आला की समजा डिस्क भरणार. फक्त त्याला एका तासाची खिडकी देऊ नका, बॅकअप चालू असताना ते ओरडेल आणि लॉगरोटेट झाला की गप्प बसेल. मी 24 तासांची खिडकी देतो, पुढचे चार दिवस बघतो, वर "आणि 25 टक्क्यांपेक्षा कमी उरलंय" अशी अट जोडतो आणि "फॉर" मध्ये (अट सलग किती वेळ टिकली की अलर्ट जावा ते) एक तास लिहितो. पुस्तकी उत्तर वेगळं असेल, पण मला या आकड्यांनी रात्री विनाकारण उठवलेलं नाही.

घाईत होणाऱ्या बाकी गोष्टी

नोड एक्सपोर्टरचा 9100 आणि प्रोमिथियसचा 9090 पोर्ट सगळ्या जगाला उघडे. नोड एक्सपोर्टरला डीफॉल्टने पासवर्ड नसतो, कर्नल व्हर्जनपासून माउंटपर्यंत सगळं कुणीही वाचू शकतं. प्रायव्हेट आयपीवरच ऐकायला लावा आणि फायरवॉलमध्ये फक्त प्रोमिथियसच्या मशीनला वाट द्या. ग्राफानाचा अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन पासवर्ड पहिल्या लॉगिनलाच बदला, तिथलं "स्किप" बटण तुमच्यासाठी नाही.

काही चाललं नाही की एसईलिनक्स (लिनक्सची सुरक्षेची यंत्रणा) बंद, ही सवय सोडा. ऑडिट लॉग वाचा, बहुतेक वेळा बायनरी होम फोल्डरातून चालवलेली असते, ती योग्य जागी हलवून, फाईलचं सुरक्षा-लेबल नीट करणारा रिस्टोरकॉन मारला की प्रश्न सुटतो.

डॅशबोर्डवर सगळीकडे "नो डेटा" दिसतोय? 2018 मध्ये नोड एक्सपोर्टरच्या 0.16 व्हर्जनने मेट्रिक्सची नावं बदलली, तुम्ही त्याच्या आधीचा कुठलातरी डॅशबोर्ड कॉपी केलाय.

नोड एक्सपोर्टर डॉकरमध्ये चालवायचा तर होस्टचं रूट आत माउंट करून पाथ-रूटएफएस द्यावंच लागतं, नाहीतर तो कंटेनरचीच डिस्क मोजत बसतो. माझं मत विचाराल तर तो सरळ होस्टवर सिस्टिमडी सर्व्हिस म्हणून चालवा, एक बायनरी आहे, डॉकरचं काय अडलंय.

याम्ल कॉन्फिग फाईलमध्ये टॅब मारू नका, आणि रीलोडच्या आधी प्रॉमटूलने कॉन्फिग तपासा.

प्रोमिथियस त्याच सर्व्हरवर ज्याच्यावर नजर ठेवायचीये, हेही फार दिसतं. तो सर्व्हर पडला की सांगणाराही पडला, आणि शांतता बघून सगळ्यांना वाटतं ठीक चाललंय. लहानसा का होईना वेगळा व्हीएम घ्या, "अप" (सर्व्हरचे आकडे मिळतायत का ते सांगणारं मेट्रिक) शून्य झाल्याचा अलर्ट लावा, आणि कायम चालू राहणारा एक अलर्ट बाहेरच्या सर्व्हिसला पाठवत राहा, तो यायचा थांबला की तिने तुम्हाला कळवावं असं सेट करा.

सगळं लावून झालं की टेस्ट मशीनवर एफ-अलोकेटने मोठी डमी फाईल बनवा, डिस्क 90 टक्क्यांवर न्या आणि वाट बघा. "फॉर" चा वेळ संपेपर्यंत बघा, मध्येच कंटाळून उठू नका. अलर्ट प्रोमिथियसच्या पानावर लाल झाला म्हणजे काम झालं असं नाही, तो अलर्ट पुढे पाठवणाऱ्या अलर्टमॅनेजरमधून निघून माणसाच्या फोनवर पोचला पाहिजे. बऱ्याच ठिकाणी तो नोकरी सोडून गेलेल्या कुणाच्यातरी मेलवर जात असतो. पोचला की डमी फाईल पुसा आणि "रिझॉल्व्ह्ड" चा मेसेजही येतो का ते बघूनच लॅपटॉप बंद करा.