पक्ष्यांचे जुने चित्र कसे वाचावे

एकोणिसाव्या शतकातील अनेक पक्षिग्रंथांची पाने आता बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर घरबसल्या मोठी करून पाहता येतात. असे पान समोर आले की नजर पक्ष्याच्या रंगांवर खिळते. तरी सुरुवात तळाच्या बारीक अक्षरांपासून करावी. चित्र कोणी काढले, ते दगडावर किंवा तांब्याच्या पत्र्यावर कोणी उतरवले आणि छापले कोणी, हे बहुधा तेथे नोंदलेले असते. ग्रंथ ज्याच्या नावावर आहे तोच चित्रकार असेल, असे गृहीत धरू नये.

इंग्रज पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांचा हिमालयातील पक्ष्यांवरील ग्रंथ १८३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत प्रसिद्ध झाला. त्यातील मजकूर प्राणिशास्त्रज्ञ निकोलस व्हिगर्स यांचा आहे आणि ८० चित्रे गूल्ड यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी स्वतः शिळेवर रेखाटलेली आहेत. त्यांनी हिमालय पाहिलेला नव्हता. त्यांच्यापुढे होत्या लंडनला पोहोचलेल्या पक्ष्यांच्या वाळलेल्या कातड्या. १८४१ मध्ये, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी, प्रसूतीनंतर त्यांचे निधन झाले, आणि तोवर ६०० हून अधिक चित्रे त्यांच्या हातून झाली होती. पतीच्या कीर्तीत त्यांचे नाव इतका काळ झाकून राहिले, याची मला मनापासून खंत वाटते. शास्त्रीय नावाचा शेवटही म्हणूनच नीट वाचावा. व्यक्तीच्या नावावरून पडलेल्या नावाला स्त्रीसाठी ‘ae’ आणि पुरुषासाठी ‘i’ ही रोमन अक्षरे शेवटी लागतात. व्हिगर्स यांनी हिमालयातील एका शिंजिराला दिलेले ‘गूल्डिए’ (gouldiae) हे नाव एलिझाबेथ यांचे आहे, जॉन यांचे नव्हे.

यानंतर चित्रकारापुढे जिवंत पक्षी होता की कातडी, हे शोधावे. कातडीत पिसांचे रंग बऱ्यापैकी टिकतात, परंतु डोळे उरत नाहीत आणि चोच, पाय व उघड्या त्वचेचे रंग सुकून पालटतात, म्हणून या भागांवर लगेच विश्वास ठेवू नये. इंग्रज चित्रकार एडवर्ड लिअर यांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात रक्षकाने धरलेल्या जिवंत पोपटांची मापे घेऊन चित्रे काढली. १८३० ते १८३२ या काळात त्यांची ४२ चित्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा ते विशीच्या आसपासचे होते. त्यातील एका निळ्या मकावाला (मोठ्या, लांब शेपटीच्या पोपटाला) त्यांनी दुसऱ्याच जातीचे नाव दिले होते. १८५६ मध्ये पक्षितज्ज्ञ शार्ल लुसियाँ बोनापार्ट यांनी ती जात वेगळी ठरवून तिला लिअर यांचे नाव दिले. नाव चुकले होते, रेखाटन चुकले नव्हते.

पक्ष्याची ढब अवघडलेली वाटली तर कागदाचा आकार पाहावा. अमेरिकी पक्षिचित्रकार ऑड्युबन प्रत्येक पक्षी प्रत्यक्षाएवढा रंगवत, त्यामुळे सुमारे एक मीटर उंचीच्या कागदावरही रोहित पक्ष्याची मान खाली वळवावी लागली.

ही चित्रे एका रंगात छापून मग हाताने रंगवली जात, त्यामुळे प्रतीप्रतीत रंग वेगळे असू शकतात; म्हणून शक्य असेल तेव्हा एकाच चित्राच्या दोन प्रती शेजारी ठेवाव्यात. सरावासाठी एलिझाबेथ यांच्या ग्रंथातील तोच शिंजीर घ्यावा, त्याशेजारी जिवंत पक्ष्याचे आजचे छायाचित्र उघडावे आणि चोच, डोळा, पाय व बसण्याची ढब एकेक करून ताडून पाहावी. जेथे दोन्ही जुळत नाहीत त्या जागा वहीत टिपून ठेवाव्यात. लंडनमधील त्या टेबलावर काय पोहोचलेच नव्हते, ते तेथे दिसते.